निचऱ्याचा आकडा

वृषाली खराडे तासगावच्या दूध संघात प्रयोगशाळा सांभाळायची. रोज सकाळी चारशे-साडेचारशे नमुने तिच्या हाताखालून जायचे. फॅट कमी लागली म्हणून कुणी हुज्जत घालायला आलाच, तर ती शांतपणे यंत्राचा पडदा त्याच्याकडे वळवायची. "माझ्यावर नका रागावू, काका. आकडा बघा." आकडा बघितला की माणूस गप्प होतो, हा तिचा वीस वर्षांचा अनुभव. पुढं तिच्या घरावर जे ओढवलं ते याच सवयीतून, असं ती स्वतःच म्हणायची. ऐकणारे तिची समजूत काढायचे. तिला ती नको असायची.

नवरा धैर्यशील हायस्कुलात क्रीडाशिक्षक होता आणि कबड्डीचा पंच. एकोणचाळिसाव्या वर्षी त्याचे पाय सुजायला लागले. बूट घट्ट झालेत म्हणून त्यानं दोन महिने काढले, आणि मग कळलं की दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्यात. आठ महिने डायलिसिसवर गेले. त्याचा धाकटा भाऊ किडनी द्यायला तयार होता, पण तपासणीत त्याला साखर निघाली. वृषालीचं सगळं जुळलं. २०३४ च्या जानेवारीत मिरजेच्या एका दवाखान्यात तिची डावी किडनी धैर्यशीलच्या ओटीपोटात उजव्या बाजूला बसवली गेली. शाल्मली तेव्हा सहा वर्षांची होती.

धैर्यशील त्या किडनीला कधी 'माझी' म्हणाला नाही. सकाळी लघवीचं माप लिहून झालं की म्हणायचा, "तुझी आज मजेत आहे." जणू घरी राहायला आलेल्या पाहुणीबद्दल बोलतोय.

दोन वर्षांनी रिपोर्टात क्रिएटिनिन थोडं वर सरकलं, म्हणजे किडनी थकत चालली होती. डॉ. उपाध्ये मॅडमनी दोघांना समोर बसवलं. या बाई कमी बोलणाऱ्या, पण बोलल्या की नीट समजावून सांगणाऱ्या.

"सर, तुमचं चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, भरपूर आहे. पण ते काम करत नाही."

"भरपूर आहे ते काम करत नाही? आमच्या शिपायासारखं?" धैर्यशील म्हणाला.

मॅडम हसल्या. "घंटागाड्या धरा. रक्तवाहिनीच्या भिंतीत काही पेशी असतात, त्या चरबी गिळून गिळून फुगतात. एचडीएलचे कण म्हणजे तिथला कचरा उचलून यकृताकडे नेणाऱ्या गाड्या. नेहमीचा रिपोर्ट गाड्या किती ते मोजतो. त्या कचरा उचलतात की नुसत्या घंटा वाजवत फिरतात, ते त्यात कळत नाही. किडनी बदललेल्या माणसाच्या अंगात सतत बारीक दाह असतो, वरून औषधांचा मारा. त्यात पुष्कळांच्या गाड्या नुसत्या फिरत राहतात. मग नव्या किडनीतल्या केसासारख्या वाहिन्या आतून जाड होत जातात, आणि ती हळूहळू मरते."

"मग मोजायचं कसं?" हा प्रश्न वृषालीचा.

मॅडमनी एक चकती टेबलावर ठेवली, शर्टाच्या मोठ्या बटणाएवढी. "यात एका पातळ पापुद्र्यावर जिवंत पेशी वाढवलेल्या आहेत. त्यांना खुणेचं कोलेस्टेरॉल भरवलेलं असतं. सुईएवढ्या वाटेनं सरांच्या रक्तातलं पाणी तिथं पोचतं, आणि चार तासांत किती कोलेस्टेरॉल बाहेर ओढलं गेलं ते चकती मोजते. त्याला आम्ही निचरा म्हणतो. रोज सकाळी शंभरापैकी आकडा येईल. साठाच्या खाली गेला तर प्रयोगशाळेत घडवलेले एचडीएलचे कण शिरेतून देऊ. एरवीही तीन महिन्यांनी एकदा द्यायचेच. ज्यांचा आकडा सत्तरच्या वर राहिला त्यांच्या किडन्या दुप्पट टिकल्यात."

वृषालीनं चकती हातात घेतली. तिला ती फार आवडली.

"एक मात्र लक्षात ठेवा," मॅडम म्हणाल्या. "हा आकडा किडनीचा आहे. हृदयाचं काय होणार, ते तो सांगत नाही. आम्हालाही वाटलं होतं की सांगेल, पण हजारो पेशंट तपासले तरी तो संबंध काही दिसला नाही. का दिसला नाही ते अजून कळलेलं नाही. तेव्हा छातीत, खांद्यात, जबड्यात दुखलं किंवा दम लागला, तर आकडा न बघता माझ्याकडे यायचं."

दोघांनी माना हलवल्या. वृषालीनं वहीत लिहूनही घेतलं. ती वही अजून आहे.

चकती धैर्यशीलच्या डाव्या दंडावर बसली. पहिल्या दिवशी आकडा आला एक्केचाळीस. कणांच्या दोन बाटल्या गेल्यावर अठ्ठावन्न, आणि दिवाळीपर्यंत एकाहत्तर. क्रिएटिनिन खाली आलं आणि तिथंच राहिलं. एकाहत्तर आला त्या सकाळी वृषालीनं गोडाचा शिरा केला. धैर्यशीलच्या वाट्याला दोन चमचे.

पुढची नऊ वर्षं घर त्या आकड्यावर चाललं. तिघांच्याही फोनवर तो साडेसहाला उमटायचा. सत्तरच्या वर असला की घरात रेडिओ लागायचा. खाली असला की काल कुणी काय खाल्लं, किती वाजता झोपलं, गोळी कधी घेतली, याची उलटतपासणी. पुतण्याच्या लग्नात धैर्यशीलनं चार घास मटण खाल्लं आणि तिसऱ्या दिवशी आकडा त्रेसष्टवर आला, तेव्हा वृषाली दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. राज्य स्पर्धेसाठी पंच म्हणून त्याला बोलावणं आलं. त्या आठवड्यात कणांची बाटली होती. बाटली चार दिवस पुढं ढकलता आली असती. तिनं ढकलू दिली नाही.

"चार दिवसांनी काय मरतोय का मी?" तो म्हणाला.

"तुम्ही नाही मरणार. ती मरेल."

किडनी तिची होती, आणि त्याच्यावरचा तिचा हक्क त्याला मान्य होता. तो स्पर्धेला गेला नाही. पुन्हा बोलावणं आलं नाही.

शाल्मलीही त्यातच वाढली. गणितात नापास झालेला पेपर दाखवायच्या आधी ती विचारायची, "पप्पा, आज किती?" पंचाहत्तर असेल तर पेपर दप्तरातून बाहेर यायचा. नाहीतर दुसऱ्या दिवशी.

दवाखान्यात चकती लावलेल्या सगळ्या पेशंटांची विचारपूस करायचं काम रुखसाना मुजावरकडे होतं. ती प्रत्यारोपण समन्वयक. नऊ वर्षांत ती घरच्यासारखी झाली होती. एकदा ती म्हणाली, "वहिनी, तुमच्यासारखं कुणी सांभाळत नाही बघा. मॅडम तुमचं उदाहरण देतात." वृषालीला ते कितीतरी दिवस पुरलं.

२०४५ च्या जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या दिवशी धैर्यशील घरी आला तो खुर्चीत बसूनच राहिला. "सुट्टीत सवय मोडली वाटतं. दुसरा मजला चढताना दम लागला."

"आज चौऱ्याहत्तर होता," वृषाली म्हणाली. "वय झालं आता पन्नास. दम लागायचाच."

दहा-बारा दिवसांनी संध्याकाळी तिघं पाण्याच्या टाकीकडे फिरायला गेली होती. अर्ध्या वाटेत तो मोरीच्या कठड्यावर बसला. डावा खांदा चोळत राहिला. ओठांवर घाम होता, आणि हवा तर गार होती.

"पप्पा, काय होतंय?"

"काय नाही. आवळल्यासारखं झालं जरा."

वृषालीनं फोन काढला आणि त्याच्यासमोर धरला. "शहात्तर. बघा की. वर्षातला सगळ्यात चांगला आकडा. दुपारी वांगं खाल्लंत ना, पित्त आहे ते."

त्यानं आकडा बघितला. दोन मिनिटांनी उठला आणि चालायला लागला. खरंच बरं वाटतंय, म्हणाला.

तिसऱ्या वेळी जबडा. जेवताना घास थांबवून तो गाल धरायचा. दाताच्या डॉक्टरनं दात ठीक आहेत सांगितलं, तेव्हा वृषालीच्या मनात काहीतरी हललं. त्या वहीतलं वाक्य तिला आठवलं असं नाही. पण जुलैच्या तपासणीला तिनं उपाध्ये मॅडमना जबड्याचं सांगितलं, तेवढं मात्र तिनं केलं.

मॅडमचा चेहरा बदलला. "कधीपासून? आणि दम? खांदा?" सगळं ऐकून त्यांनी कागद पुढं ओढला. "अँजिओग्राफी. येत्या गुरुवारी, तीन तारखेला."

"त्यात ते रंगाचं औषध शिरेत सोडतात ना?" वृषालीनं विचारलं. "ते किडनीला वाईट."

"थोडा धोका आहे. अशा शंभर जणांत दोघा-तिघांच्या किडनीला फटका बसतो. आम्ही आधी सलाईन देऊ, औषध कमीत कमी वापरू. पण हे टाळायचं नाही."

रात्रीची भांडी आवरून झाल्यावर वृषाली त्याच्यासमोर येऊन बसली.

"शंभरात तीन म्हणजे कमी नाही. अकरा वर्षं जपली. एका तपासणीत घालवायची?"

"मॅडम म्हणतात करा."

"मॅडमना पुढं-मागं काही झालं तर आपल्यावर येऊ नये असं वाटतं. डॉक्टर असंच म्हणणार. अहो, निचरा शहात्तर आहे! तुमच्या रक्तवाहिन्या एखाद्या पोराच्या असाव्यात तशा स्वच्छ असणार. एवढा कचरा रोज उचलला जातोय, तर हृदयात कुठून साठेल?"

हे तिला पटलेलं होतं. ऐकायलाही पटण्यासारखंच होतं.

धैर्यशीलनं आपल्या पोटाच्या उजव्या बाजूवर हात ठेवला. "तुझी आहे," तो म्हणाला. "तुझी घालवायची माझी हिंमत नाही, वृषाली. तू म्हणशील तसं."

"मग नको. महिनाभर बघू. पथ्य कडक करू."

दुसऱ्या दिवशी तिनं रुखसानाला फोन केला. रुखसाना म्हणाली, "वहिनी, आकडा किडनीचा असतो. हृदयाचा नसतो, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे गं. पुढची तारीख घेऊ की."

रुखसानानं मॅडमना सांगितलं. मॅडमनी स्वतः दोनदा फोन केला. पहिल्यांदा वृषाली प्रयोगशाळेत होती. दुसऱ्यांदा तिनं मुद्दाम घेतला नाही.

एकवीस ऑगस्टला, सोमवारी, शाळेच्या मैदानावर तालुक्याचे सामने होते. साडेदहाला धैर्यशीलनं नाणं उडवलं. दुसऱ्या चढाईला शिट्टी वाजवायला हात वर नेला आणि तो पाठीवर पडला. पोरांना वाटलं पाय घसरला. मुख्याध्यापक धावले, दोन शिक्षकांनी छाती दाबायला सुरुवात केली, अकरा मिनिटांनी रुग्णवाहिका आली. विजेचा झटका देऊन हृदय पुन्हा चालू करेपर्यंत चोवीस मिनिटं गेली होती.

वृषाली मिरजेला पोचली तेव्हा तो यंत्रावर श्वास घेत होता. डाव्या बाजूची मुख्य वाहिनी जवळपास बंद होती, असं हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं. जुना, टणक झालेला थर होता तो. किडनी बदलायच्या आधीपासून, डायलिसिसच्या दिवसांपासून बसलेला. कण भिंतीतला मऊ कचरा ओढत राहिले. या थराला त्यांनी हातही लावला नाही. वाहिनी आता उघडली होती, हृदय चांगलं चालत होतं. मेंदूचं मात्र सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तिच्या हातातला फोन वाजला. सत्त्याहत्तर.

तिनं फोन पर्समध्ये टाकला. मग बाहेर काढला आणि पुन्हा बघितला.

तिसऱ्या दिवशी दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी, सहा तासांच्या अंतरानं, मेंदू मृत असल्याचं लिहून दिलं. उपाध्ये मॅडमनी वृषाली आणि शाल्मलीला छोट्या खोलीत बोलावलं. रुखसाना दाराशी उभी होती, डोळे सुजलेले.

"मला हे विचारावं लागतं, म्हणून विचारते," मॅडम म्हणाल्या. "सरांची किडनी अतिशय चांगली आहे. अकरा वर्षांची वाटत नाही. अशी किडनी आता दुसऱ्या माणसाला बसवता येते, परवानगी आहे तशी. अजून दहा-बारा वर्षं सहज चालेल. तुमची संमती लागेल."

"दहा-बारा वर्षं," वृषाली म्हणाली.

"हो."

"त्यांना का नाही मग?"

मॅडमनी संमतीचा कागद पुढं सरकवला. त्यांनी एकदाही अँजिओग्राफीचा विषय काढला नाही. तो काढला असता तर बरं झालं असतं, असं वृषालीला पुढं फार वाटायचं.

"मी देते संमती," शाल्मली म्हणाली. सतरा वर्षांची मुलगी, तीन दिवस झोपलेली नव्हती. "मम्मी, सही कर. पप्पांचं काहीतरी तरी राहील."

"ते पप्पांचं नाही. माझं आहे."

"मग तू दे. तुझं आहे तर दे."

"नाही."

"का?"

"अकरा वर्षं आपण तिलाच जगवलं, शाल्मली. तिच्यासाठी त्यांना उपाशी ठेवलं, घरात बसवलं. माणूस मरत होता आणि मी तिला जपत होते. आता ती पुन्हा जगणार, आणि हे जाणार? नाही. जाऊ दे तिला त्यांच्याबरोबर."

"कुणीतरी वाचेल त्यानं!"

"मला कळतंय."

"कळतंय तरी?"

"हो."

रुखसाना आत आली आणि वृषालीच्या खांद्यावर हात ठेवायला गेली. वृषालीनं तो बाजूला केला. शाल्मली उठून बाहेर गेली. तिच्या एकटीच्या संमतीला अर्थ नव्हता, ती सज्ञानही नव्हती. बाहेरच्या बाकांवर डायलिसिसची पाळी यायची वाट बघत सात-आठ माणसं बसली होती. शाल्मली त्यांच्या समोरून चालत गेली, आणि त्यातल्या एका बाईनं तिला, "पाणी पाहिजे का गं, बाळा?" असं विचारलं, हे तिनं आईला नंतर एकदाच सांगितलं. त्यानंतर ती आईशी कामापुरतंच बोलू लागली.

यंत्र दुपारी बंद केलं. किडनी त्याच्याबरोबर गेली.

शाल्मली पुढच्या वर्षी बारावी होऊन नागपूरला शिकायला गेली. सांगलीत, पुण्यात जागा मिळत असताना नागपूरला. वृषालीनं का म्हणून विचारलं नाही. दूध संघात ती जात होती, नमुने तपासत होती. पण हुज्जत घालायला कुणी आला, की आता ती पडदा वळवत नसे. नमुना पुन्हा लावते, म्हणायची. तिसऱ्यांदाही लावायची. रांग खोळंबायची, लोक चिडायचे. शेवटी व्यवस्थापकांनी तिला सामान ठेवायच्या विभागात बदललं.

त्याच डिसेंबरात एका रविवारी दुपारी रुखसाना घरी आली. मोसंबी घेऊन आली होती. बराच वेळ इकडचं-तिकडचं बोलली. मग पिशवीतून एक छापील कागद काढला.

"वहिनी, मी हे पोस्टानं पाठवायला पाहिजे होतं. पण म्हटलं आपणच जावं. चकतीवाल्या कंपनीचा अभ्यास संपतोय, चकती लावलेल्या सगळ्या पेशंटांचा शेवटचा कागद भरायचाय. तुमची सही लागते."

वृषालीनं चष्मा लावला. 'प्रत्यारोपित मूत्रपिंड निकामी झाले का?' पुढं दोन चौकटी होत्या, होय आणि नाही. 'नाही'च्या चौकटीत रुखसानानं आधीच खूण केलेली होती.

"म्हणजे हे कोणत्या यादीत जाणार?"

रुखसाना खाली बघत म्हणाली, "यशस्वी. किडनी चालू असताना पेशंट गेला, तर किडनी निकामी धरत नाहीत. नियमच तसा आहे."

"चांगल्या आकड्यांत धरणार."

"हो."

वृषालीला ओरडता आलं असतं. ती उठली, स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली, परत येऊन बसली.

"त्यांनी तीनदा त्रास होतोय म्हणून सांगितलं, ते यात कुठं लिहायचं?"

"त्याला चौकट नाही, वहिनी."

"मग इथं कडेला लिही. तुझं अक्षर चांगलं आहे."

"हे कुणी वाचणार नाही. यंत्र फक्त चौकटी वाचतं."

"तरी लिही."

रुखसानानं पेन उघडलं. वृषाली सांगू लागली. शाळा उघडली त्या दिवशी, पंधरा जूनला, दम लागला. मग फिरायला गेले तेव्हा खांदा, घाम. बायकोनं आकडा दाखवला. तारीख... तिला तारीख आठवेना. वीस? सत्तावीस? तिनं भिंतीकडे बघितलं, बोटांवर मोजलं. आठवेना.

तिनं फोन उचलला आणि नागपूरला लावला. बऱ्याच वेळानं उचलला गेला.

"शाल्मली, मी बोलते. टाकीकडे फिरायला गेलो होतो आपण. पप्पा मोरीवर बसले. कधी गं ते?"

पलीकडे कुठंतरी मुलींचं हसणं ऐकू येत होतं. मग दार लावल्याचा आवाज आला आणि ते हसणं थांबलं.

"पंचवीस जून. रविवार. पावणेसातला. तू त्यांना फोन दाखवलास."

"हो," वृषाली म्हणाली. "दाखवला."

फोन बंद झाला. वृषालीनं तारीख सांगितली आणि रुखसानानं लिहून घेतली. कडेची जागा संपत आली होती, म्हणून जबड्याचं आणि रद्द केलेल्या गुरुवारचं तिनं अक्षर अगदी बारीक काढून बसवलं, आणि कागद सहीसाठी वृषालीकडे सरकवला.